नेत्याचं प्रगतिपुस्तक कसं भरायचं? संविधान दिनाच्या निमित्तानं घेतलेला एक पाठ



२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल २३ नोव्हेंबरला, शनिवारी लागला. सोमवारी परिपाठ संपवून मी पाचवीच्या वर्गात गेले तर तिथं आधीच दोन गट पडलेले. एक जण बाकावर उभा राहून सांगत होता, "तो काहीच काम नाही करत, आमच्या टीव्हीवर सांगतलं." दुसरा त्याच्यावर ओरडत होता, "तुमचा टीव्हीच खोटा बोलते! माझ्या बाबाच्या मोबाईलवर पाय, किती कामं केली त्यानं!" नेता एकच, गाव एकच, वय दोघांचंही दहा.

मी दोघांनाही पुढं बोलावलं. पहिल्याला विचारलं, "कोणतं काम केलं नाही?" तो गप्प. दुसऱ्याला विचारलं, "कोणतं केलं?" तो म्हणाला, "रस्ता." कोणता रस्ता? कुठून कुठपर्यंत? कधी झाला? त्याला सांगता आलं नाही. वर्ग हसला. मी पण हसले, पण मनात म्हटलं, हेच प्रश्न मला कुणी विचारले असते तर? निवडणुकीची ड्युटी करून आलेली मी, रात्री अकरापर्यंत यंत्रं जमा करत बसलेली, आणि ज्यांना मत दिलं त्यांच्या पाच वर्षांच्या कामातल्या दोन गोष्टी मलाही धड सांगता आल्या नसत्या. मत मात्र माझंही ठाम होतं.

दुसऱ्या दिवशी संविधान दिन होता. उद्देशिकेचं वाचन, प्रभातफेरी, दोन भाषणं, हा आपला दरवर्षीचा कार्यक्रम. तो केलाच. पण त्यानंतरचे चार तास मी या भांडणासाठी वापरले. वर्गात काय घडलं, काय जमलं आणि कुठं मी अडले ते इथं लिहीत आहे. कुणाला वापरावंसं वाटलं तर जरूर वापरा.

आधी आपल्याबद्दल थोडं बोलते. मूल्यमापन हे आपलं रोजचं काम आहे. आकारिक, संकलित, नोंदवही, वर्णनात्मक नोंदी, याचा कितीही कंटाळा आला तरी त्यामागचा विचार आपल्याला पटलेला असतो. मूल एका पेपरवरून मोजायचं नसतं. जूनमध्ये काय येत होतं, मार्चमध्ये काय येतं, मध्ये आजारी होतं का, घरी काय चाललं आहे, हे सगळं पाहून आपण नोंद लिहितो. आणि तेच आपण, शाळा सुटल्यावर फोन हातात आला की, एखाद्या नेत्याला तीस सेकंदांच्या व्हिडिओवरून पास किंवा नापास करून मोकळे होतो.

माझ्यावरही एकदा असाच निकाल लागला होता. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक वर्तमानपत्रात आमच्या शाळेचा फोटो आला. वर्गाच्या दाराला कुलूप, खाली शाळेचे तास चालू असताना शिक्षक गायब अशा अर्थाचा मथळा. फोटो खरा होता हो. कुलूप खरंच होतं. पण त्या दिवशी मी मतदार यादीच्या कामासाठी लेखी आदेशानं तहसीलला गेले होते आणि माझी मुलं शेजारच्या वर्गात मुख्याध्यापकांजवळ बसली होती. दार उघडून कुणी पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. बातमी वाचून माहेरून आईचा फोन आला, "काय झालं गं?" खुलासा दिला, तो कधी छापून आला नाही. राग अजून आहे, लपवत नाही. पण त्याच महिन्यात मी स्वतः काय केलं ते पण सांगते. खचलेल्या पुलाचा एक व्हिडिओ "बघा आपल्या नेत्याचं काम" असं लिहून आमच्या शिक्षकांच्या गटावर मी पुढं पाठवला. तो पूल आपल्या राज्यातलाच नव्हता. एका सरांनी लक्षात आणून दिलं तेव्हा मी तो गुपचूप काढून टाकला. चुकलं असं मात्र लिहिलं नाही.

तर पाठ.

आजच्या कोणत्याही नेत्यावर वर्गात चर्चा करायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. आपण शासकीय नोकर आहोत, आणि वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात. म्हणून उदाहरण घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. दिवस त्यांचा होता, आणि आपल्या भंडाऱ्याचा त्यांच्याशी एक असा संबंध आहे जो मुलांना माहीत नसतो, पुष्कळदा मोठ्यांनाही माहीत नसतो. त्याकडे नंतर येते.

सुरुवात केली एका आकड्यापासून. फळ्यावर लिहिलं, २ वर्षे ११ महिने १७ दिवस. संविधान बनवायला लागलेला वेळ. (काही पुस्तकांत १८ दिवस असतात. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत केलेल्या भाषणात १७ म्हटलं आहे, म्हणून मी तो घेतला.) एका मुलीनं लगेच विचारलं, "मॅडम, इतके दिवस काऊन लागले?"

हाच प्रश्न तेव्हाही लोक विचारत होते, आणि तो काही प्रेमानं विचारत नव्हते. संविधान सभेतच नझीरुद्दीन अहमद नावाच्या सदस्यांनी मसुदा समितीचं नाव बदलून तिला भरकटणारी समिती म्हटलं. इंग्रजीत तो शब्दांचा खेळ आहे, ड्राफ्टिंगचं ड्रिफ्टिंग. १९४९ मध्येच प्रसिद्ध व्यंगचित्रकार शंकर यांचं एक चित्र आलं. त्यात संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, मागं चाबूक घेतलेले पंडित नेहरू आणि भोवती बघ्यांची गर्दी. हे चित्र पुढं अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आलं, २०१२ मध्ये त्यावरून संसदेत मोठा गदारोळ झाला आणि ते काढून टाकायचं ठरलं. मी ते मुलांना दाखवलं नाही, फक्त थोडक्यात सांगितलं. दहा वर्षांच्या मुलाला आधी चित्र दिसतं, विचार नंतर येतो. ज्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोला रोज नमस्कार होतो त्या लेकरांना दुखवून पाठ पुढं न्यायचा नव्हता.

मग मुलांना म्हटलं, आता आपण आकडे काढू. मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्ट १९४७ ला, पहिली बैठक दुसऱ्याच दिवशी. समिती १४१ दिवस बसली. तिच्या मसुद्यात ३१५ कलमं होती, शेवटी झाली ३९५. दुरुस्तीच्या सूचना आल्या सुमारे ७,६३५, आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. मुलांनी भागाकार केला. २,४७३ भागिले ३१५, म्हणजे एका कलमामागं जवळजवळ आठ सूचना. "म्हणजे प्रत्येक ओळीवर आठ जण भांडले!" एक मुलगा म्हणाला. अगदी तसंच नाही, पण त्याला जे कळायला हवं होतं ते कळलं.

भाषणात त्यांनी इतर देशांशी तुलनाही केली होती. ती पण फळ्यावर घेतली. अमेरिकेनं आपलं संविधान १७८७ मध्ये चार महिन्यांत पुरं केलं, पण त्यात कलमं होती सात. कॅनडाला दोन वर्षं पाच महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष. ऑस्ट्रेलियाला मात्र नऊ वर्षं लागली, कलमं १२८. आणि या देशांना सदस्यांनी आणलेल्या दुरुस्त्यांचा सामना करावा लागला नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. इथं एका मुलीनं मला अडवलं. "पण मॅडम, हे तर तेच सांगून राहिले ना? आपलं आपण तर कोणीही चांगलंच सांगते."

काय प्रश्न आहे बघा! मोठ्यांच्या चर्चेत तो क्वचित येतो. मी म्हटलं, बरोबर. म्हणून दुसऱ्या कुणी काय सांगितलं ते पाहू. समितीचे एक सदस्य टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात सांगितलं होतं की सात जणांपैकी एकानं राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत होते, एक संस्थानाच्या कामात गुंतलेले, एक-दोघं तब्येतीमुळं दिल्लीपासून दूर, आणि शेवटी सगळा भार डॉ. आंबेडकरांवरच पडला. आणि दुसरी गोष्ट, बाबासाहेबांनी दिलेला प्रत्येक आकडा सभेच्या छापील कामकाजात तपासता येतो. त्यांनी "मी खूप मेहनत घेतली, विश्वास ठेवा" असं म्हटलं नाही. तारखा दिल्या, संख्या दिल्या. तपासा म्हणाले, एवढंच.

मला वाटतं पाठाचा कणा इथं आहे, म्हणून जरा थांबते. आपण "संयम ठेवा, नेत्याला वेळ द्या" असं म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला ते "गप्प बसा" असं ऐकू येतं. आणि त्यात चूक काहीच नाही, कारण पुष्कळदा अर्थ तोच असतो. वर्गात हे आपोआप वर आलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचं घर पुनर्वसनाच्या गावठाणात आहे, म्हणाला, "मॅडम, मंग आमच्या गोसेलाही वेळ लागला तर काही नाही ना?"

आमचा तालुका पवनी. गोसेखुर्द धरण आमच्याच तालुक्यात, वैनगंगेवर. पंतप्रधान राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला त्याची पायाभरणी केली. तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये. भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर ओलिताखाली यायचे होते. पुढं तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च अठरा हजार कोटींच्या वर गेला, गावं उठली, आणि कालव्याचं पाणी शेतापर्यंत कधी पोचणार याची वाट पाहण्यात एक पिढी म्हातारी झाली. त्या मुलाच्या आजोबांनी जमीन दिली. त्याच्या वडिलांना संयम शिकवायची माझी छाती नाही.

मी त्याला म्हटलं, नाही बाळा, वेळ लागला तर काही नाही असं नाही. उशीर दोन्हीकडं झाला. एकीकडं उशीर का झाला याचा हिशोब त्या माणसानं स्वतः उभं राहून, तारीखवार दिला. दुसरीकडं पस्तीस वर्षांत मुख्यमंत्री बदलले, पालकमंत्री बदलले, भूमिपूजनं झाली, आश्वासनं झाली. पण तुझ्या आजोबांना समोर बसवून कुणी तसा हिशोब दिला का? तो म्हणाला, "नाही." मग मी फळ्यावर लिहिलं: वेळ द्यायचा, पण हिशोब मागून. हे वाक्य मुलांनी वहीत उतरवून घेतलं. बरं झालं की वाईट ते माहीत नाही, मला फळ्यावर वाक्यं लिहायची सवय आहे.

गोसेखुर्दच्या बाबतीत एक गोष्ट वर्तमानपत्रांच्या बाजूनं सांगायला हवी. २०१२ च्या सुमाराला विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांच्या वाढत्या खर्चाच्या बातम्या वर्तमानपत्रांनीच लावून धरल्या होत्या. त्या नसत्या तर आपल्याला ३७२ चे किती झाले हे पण कळलं नसतं. म्हणून मुलांना "पेपर खोटे असतात" असं शिकवू नका. माझ्या दारावरच्या कुलपाची बातमी देणारा पेपर मी आजही घेते. शेतमालाचे भाव त्यात नीट असतात.

दुसरा तास वर्तमानपत्रांवरच घेतला. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केलं. त्या नव्या पाक्षिकाची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली, पैसे भरायची तयारी होती, तरी ती छापली गेली नाही. मुलांना हे फार लागलं. "पैसे देऊन पण नाही?" आता हाच 'केसरी' सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल संपादकाला तुरुंगात पाठवून बसलेला, टिळकांना १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये शिक्षा झाली होती. म्हणजे एकाच पेपरात हिंमत पण होती आणि एका बाजूला डोळे मिटलेले पण होते. पक्षपात म्हणजे खोटं छापणं एवढंच नसतं हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही. खोटं एक अक्षर छापलं नव्हतं, काय छापायचं नाही ते ठरवलं होतं. माझ्या कुलपाच्या फोटोतही खोटं काही नव्हतं. शेजारचा वर्ग फोटोत नव्हता, एवढंच.

पुढं जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी वर्तमानपत्रांवर कडक टीका केली. पत्रकारिता हा पूर्वी पेशा होता, आता तो धंदा झाला, आणि साबण बनवण्यापेक्षा जास्त नैतिक जबाबदारी तो आपल्यावर मानत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. वीरांचे ढोल बडवणारे, असंही म्हणाले. साबणाचा मुद्दा मुलांना लगेच कळला. "प्रत्येक साबणवाला म्हणते आमचाच चांगला." मग विचारलं, मग आंघोळीला कोणता साबण चांगला हे कसं ठरवता? एक म्हणाला, "वापरून." दुसरी म्हणाली, "आई किंमत पाहते." तिसरा म्हणाला, "दुकानदार देईल तो." तिन्ही उत्तरं मतदारांना लागू पडतात, पण ते मी वर्गात बोलले नाही.

मग अर्ध्या वाक्याचा खेळ. दोन सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत बोलताना बाबासाहेब म्हणाले की संविधान मी केलं असं माझे मित्र म्हणतात, पण ते जाळायला पुढं येणारा पहिला माणूस मीच असेन. एवढंच वाक्य आजही मोबाईलवर फिरतं, कधी त्यांच्या विरोधात, कधी संविधानाच्या विरोधात. मुलांना इतकंच वाचून दाखवलं आणि विचारलं, काय वाटलं? वर्ग गप्प. काहींचे चेहरे पडले. मग पुढचं सांगितलं. हा सगळा वाद आंध्र राज्याच्या विधेयकावर चालला होता आणि मुद्दा अल्पसंख्याकांच्या रक्षणाचा होता. दीड वर्षानं, १९ मार्च १९५५ ला, त्याच सभागृहात त्यांना याबद्दल पुन्हा विचारलं गेलं. त्यांनी उत्तर दिलं, आपण देवासाठी मंदिर बांधलं, पण देव बसायच्या आधीच त्यात राक्षस शिरले, मग मंदिर पाडण्यावाचून काय उरतं? पटो न पटो, पण आता वाक्य पुरं झालं. "दीड वर्ष!" एक मुलगी म्हणाली. हो, पुरं वाक्य ऐकायला दीड वर्ष लागलं. क्लिप पुढं पाठवायला आपल्याला दीड सेकंद लागतो.

त्या दोन तारखांच्या मधेच आपल्या भंडाऱ्याची गोष्ट येते. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता, राजधानी नागपूर, आणि आजचा गोंदिया आपल्यातच होता. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, प्रत्येक मतदाराला दोन मतं. बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून उभे होते. तब्येत साथ देत नव्हती, तरी भंडाऱ्यात येऊन त्यांनी प्रचार केला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब हरले. त्याआधी १९५२ मध्ये मुंबईतही ते हरले होते.

वर्गात शांतता. मग तोच सोमवारचा बाकावर चढलेला मुलगा हळूच म्हणाला, "आपल्या भंडाऱ्यानं बाबासाहेबाले हरवलं?"

इथं मी अडले. सोपं उत्तर असं की लोकांना त्यांची किंमत कळली नाही. पण ते उत्तर द्यायला मन तयार होईना. त्या मतदारांपैकी कुणाची आजी, कुणाचे पणजोबा माझ्या वर्गातल्याच मुलांचे असतील. त्यांच्यासमोर पक्ष होते, जात होती, गावचा दबाव होता, आणि हाती माहिती काय होती? मसुदा समितीत १४१ दिवस काय चाललं हे साकोलीच्या धानाच्या बांधीत कुणी येऊन सांगितलं होतं का? आणि लाखाच्या वर मतदारांनी त्यांना मत दिलंही होतं, हे विसरायला नको. शेवटी मी इतकंच म्हटलं, "हो, हरवलं. मत म्हणजे त्या दिवसाचं उत्तर असतं. तेच शेवटचं असतं असं नाही." आज विचार केला तर याहून नीट सांगता आलं असतं. तुम्हाला काही चांगलं सुचलं तर कळवा.

शेवटचा तास सातबाऱ्याचा. आदल्या दिवशीच मुलांना सांगून ठेवलं होतं की घरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते विचारून या, जमीन किती ते नको, फक्त नावं बाईंची की माणसांची. ज्यांच्याकडं शेती नाही त्यांनी आजीला विचारायचं की तिच्या माहेरच्या घरात तिचं नाव आहे का. (पालकहो, माहिती फक्त वहीत राहिली, कुठंही जमा केली नाही. ही काळजी घ्याच, जमिनीच्या गोष्टी नाजूक असतात.)

कायदामंत्री असताना बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल नेटानं पुढं रेटलं. मुलीला वारसा, बाईला घटस्फोटाचा अधिकार, एका वेळी एकच लग्न, अशा गोष्टी त्यात होत्या. संसदेत आणि बाहेर कडाडून विरोध झाला, बिल पुढं सरकेना, आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनामा दिला. त्या दिवशी कुणी त्यांचं प्रगतिपुस्तक भरलं असतं तर काय लिहिलं असतं? चार वर्षं मंत्री, मुख्य बिल बारगळलं, पद सोडलं. नापास. पण १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला, १९५६ मध्ये वारसा कायदा झाला, बिलाचे तुकडे एकेक करून कायदे झाले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. राजीनाम्याला तेव्हा चोपन्न वर्षं होऊन गेली होती, त्यांना जाऊन एकोणपन्नास.

वर्गातल्या सव्वीस मुलांपैकी नऊ जणांच्या घरी सातबाऱ्यावर बाईचं नाव निघालं. कुठं विधवा आजीचं, कुठं आत्याचं. एका मुलीनं वेगळीच गोष्ट आणली. तिच्या आईचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर लागलं होतं, पण मामाचं घर तुटायला नको म्हणून आईनं हक्कसोडपत्रावर सही करून दिली. "आई म्हणे, नाव होतं म्हणून तर सोडता आलं." मी तिला काय उत्तर देणार? मी स्वतःही माझ्या भावांना सही करून दिलेली आहे.

तर आता पालकांसाठी, वर्गाबाहेर करता येईल असं. मुलांना मी एक कोरं प्रगतिपुस्तक दिलं आहे. वर नेत्याचं नाव लिहायचं नाही, फक्त पद लिहायचं: सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, आमदार, खासदार, कोणतंही एक. खाली तीन रकाने. काय करीन म्हणाले, तारखेसह. काय झालं, आपण स्वतः पाहिलेलं. आणि झालं नसेल तर कारण काय दिलं, ते तपासलं का. शेऱ्याची जागा मार्चपर्यंत रिकामी ठेवायची. टीव्हीवर ऐकलेलं लिहायचं असेल तर पेन्सिलनं, पाहिलेलं पेननं. सरपंचाचं काम ग्रामसभेत विचारता येतं, २६ जानेवारीला ग्रामसभा असतेच, मुलाला सोबत न्या. खासदारांची हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात, खासदार निधी वर्षाला पाच कोटी असतो हे पण सांगा. घरी कुणी एखाद्या नेत्याचे भक्त असाल तर आधी २५ नोव्हेंबर १९४९ चं तेच भाषण पूर्ण वाचा. धर्मातली भक्ती ठीक, पण राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडं आणि पुढं हुकूमशाहीकडं नेते, हे त्यांनी त्यातच सांगून ठेवलं आहे. ते स्वतःलाही त्यातून वगळत नव्हते, असं मी समजते.

बाकावर चढणाऱ्या मुलानं आणि त्याच्याशी भांडणाऱ्यानं मिळून एकच प्रगतिपुस्तक घेतलं आहे. त्या रस्त्याचं. शनिवारी दोघं सायकलनं जाऊन रस्त्याच्या कडेचा कामाचा फलक पाहून आले. योजनेचं नाव आणि ठेकेदाराचं नाव उतरवून आणलं आहे, कामाची किंमत मात्र रंग उडाल्यामुळं वाचता आली नाही. तो आकडा विचारायला सोमवारी दुपारच्या सुट्टीत ग्रामपंचायतीत जायचं म्हणतात, आणि मी सोबत यावं असा दोघांचा आग्रह आहे.